मासेमारीच्या जाळ्यात कासव का मरतं आणि ते कसं वाचवता येतं? टेड, नुकसानभरपाई आणि प्रथमोपचार यांची सविस्तर माहिती

कोकण किनाऱ्यावर दरवर्षी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. मंडणगड तालुक्यातील वेळास, दापोलीतील आंजर्ले, गुहागरचा लांबलचक किनारा, खाली सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याचं वायंगणी, देवगडचं तांबळडेग अशा कितीतरी गावांत कासवमित्र रात्री-पहाटे किनारा फिरतात. घरटं सापडलं की अंडी काढून हॅचरीत ठेवतात आणि पिल्लं बाहेर आली की ती समुद्रात सोडतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली हे काम सुरू केलं. आज तिथला कासव महोत्सव बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि गावात घरोघरी त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय होते.

किनाऱ्यावरची ही बाजू आता बऱ्याच लोकांना माहीत झाली आहे. समुद्रातली बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. जी मादी किनाऱ्यावर अंडी घालून परत जाते, तिला सगळ्यात मोठा धोका पाण्यात आहे आणि तो म्हणजे मासेमारीची जाळी. कोणताही मच्छीमार कासव धरायला समुद्रात जात नाही. कासव जाळ्यात आलं तर त्याचाच तोटा होतो. जाळं फाटतं, मासळी चेंगरते, वेळ जातो. शिवाय आपल्याकडे कासवाला विष्णूचा अवतार मानतात, देवळात देवापुढे कासव असतं. त्यामुळे मुद्दाम मारण्याचा प्रश्न फार थोड्या ठिकाणी येतो. प्रश्न आहे तो नकळत अडकण्याचा. तो कमी कसा करता येईल, त्यासाठी काय साधनं आहेत, सरकारी मदत काय मिळते आणि कासव अडकलंच तर बोटीवर काय करायचं, याची ही माहिती.

एक मोठी मादी म्हणजे किती घरटी?

आधी एक हिशेब समजून घेतला पाहिजे. ऑलिव्ह रिडलेच्या एका घरट्यात साधारण १०० ते १२० अंडी असतात, कधी त्याहून जास्त. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. समुद्रात गेल्यावर पक्षी, खेकडे, मोठे मासे यांच्या तावडीतून सुटून मोठी होणारी पिल्लं फारच थोडी. ढोबळमानाने हजारात एक असं सांगितलं जातं. ते एक पिल्लू अंडी घालण्याच्या वयाला यायलाही दहा-पंधरा वर्षं लागतात.

याचा अर्थ असा की जाळ्यात अडकून एक पूर्ण वाढलेली मादी मेली, तर तिची जागा भरायला नऊ-दहा घरट्यांची सगळी पिल्लं समुद्रात जायला हवीत आणि वर दहा-पंधरा वर्षं थांबायला हवं. एखाद्या गावात अख्ख्या हंगामात दहाच घरटी सापडत असतील, तर त्या गावच्या कासवमित्रांची वर्षभराची मेहनत एका मादीच्या मरणाने खर्ची पडते. आंब्याची रोपं लावत राहायची आणि मागून धरती कलमं तोडत जायची, तसा हा प्रकार आहे. म्हणून हॅचरी कितीही चांगली चालली तरी समुद्रातलं मरण कमी झाल्याशिवाय कासवांची संख्या टिकणार नाही.

कासव पाण्यात राहतं, मग बुडून कसं मरतं?

कासवाला माशासारखे कल्ले नसतात. त्याला फुप्फुसं असतात आणि श्वास घ्यायला त्याला पाण्याच्या वर यावंच लागतं. शांत पडून असलेलं कासव बराच वेळ पाण्याखाली राहू शकतं. पण जाळ्यात अडकलेलं कासव शांत राहत नाही. ते सुटायला जिवाच्या आकांताने धडपडतं. या धडपडीत अंगातला प्राणवायू झपाट्याने संपतो आणि एरवी तासभर पुरणारा श्वास काही मिनिटांत संपून जातो. त्यानंतर ते बेशुद्ध पडतं आणि तरीही वर आणलं नाही तर मरतं.

म्हणजे सगळा खेळ मिनिटांचा आहे. अमेरिकेत १९९० साली तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने समुद्री कासवांवर मोठा अहवाल काढला. कोळंबीच्या ट्रॉलमुळे होणारं मरण हे माणसामुळे होणाऱ्या इतर सगळ्या कारणांपेक्षा जास्त आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. जाळं किती वेळ पाण्यात ओढलं याचा मरणाशी थेट संबंध आहे, हेही त्यात दिसलं. ओढ छोटी असली तर बहुतेक कासवं जिवंत वर येतात. ओढ दीड तासाच्या पुढे गेली की मरणाचं प्रमाण खूप वाढतं. आपल्याकडे ट्रॉलरची एकेक ओढ दोन-तीन तासांची आणि कधी त्याहून जास्त असते. त्या ओढीच्या सुरुवातीला आत गेलेल्या कासवाला वाचायची संधी जवळजवळ राहत नाही.

कोणत्या जाळ्यात धोका जास्त?

ट्रॉल: जाळं तळाला लागून ओढलं जातं. कासवही खेकडे, कोळंबी, माकूल असं खाद्य शोधत त्याच भागात फिरतं. जाळ्याच्या तोंडात आलं की ते मागच्या पिशवीत ढकललं जातं आणि तिथून त्याला परत फिरता येत नाही.

गिलनेट: ही जाळी रात्रभर पाण्यात उभी असतात. मोठ्या आसाच्या जाळ्यात कासवाचे पुढचे पर किंवा मान अडकते. सुटायला ते गोल फिरतं आणि धागा आणखी आवळत जातो. जाळं वर जवळ असेल तर कासव मान वर काढून श्वास घेऊ शकतं, तळाला असेल तर नाही.

गळाची लांब दोरी: मोठ्या माशांसाठी शेकडो गळ लावलेली दोरी सोडली जाते, त्यात कासव आमिषाला तोंड घालतं आणि गळ घशात जातो.

बेवारस जाळी: फाटलेली, तुटलेली किंवा समुद्रात टाकून दिलेली नायलॉनची जाळी वर्षानुवर्षं कुजत नाहीत. ती तरंगत राहतात आणि त्यांचा मालक नसला तरी त्यांची मासेमारी चालूच राहते. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागणाऱ्या जखमी कासवांमध्ये अशा जाळ्याने पर कापलेली कासवं दरवर्षी दिसतात.

रापणीत कासव आलं तरी जाळं किनाऱ्यावर ओढलं जात असल्याने ते बहुतेक वेळा जिवंत असतं आणि सोडून देता येतं.

पावसाळी बंदी आहे, मग ती पुरत नाही का?

जून-जुलैची पावसाळी मासेमारी बंदी माशांच्या प्रजननासाठी आणि मच्छीमारांच्या जिवाच्या सुरक्षेसाठी आहे. कासवांचा हंगाम वेगळा आहे. मादी किनाऱ्याजवळ येते ती हिवाळ्यात आणि नेमका तोच काळ मासेमारीच्या भराचा असतो. म्हणून पावसाळी बंदीचा कासवांना फारसा उपयोग होत नाही.

कासवं कुठे जातात हेही आता थोडं कळू लागलं आहे. २०२२ च्या सुरुवातीला राज्याचा कांदळवन कक्ष, कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी रत्नागिरी जिल्ह्यात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली. वेळासच्या मादीला प्रथमा, आंजर्ल्याच्या मादीला सावनी अशी नावं देण्यात आली. बाकीच्या तिघी गुहागरच्या. २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोन माद्यांना यंत्रं लावली, बागेश्री आणि गुहा. त्यातली बागेश्री दक्षिणेला जात श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात गेली. याच्या उलट, २०२१ मध्ये ओडिशात पराला खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली.

म्हणजे कासव एका गावाचं किंवा एका राज्याचं नाही. गुहागरात वाचलेलं कासव केरळच्या किंवा ओडिशाच्या जाळ्यात मरू शकतं आणि तिथे वाचलेलं आपल्याकडे. त्यामुळे उपाय सगळ्या किनाऱ्यांवर लागू झाले तरच उपयोग.

ओडिशात काय केलं जातं?

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या नदीच्या मुखाजवळ कासवं लाखोंच्या संख्येने एकाच वेळी अंडी घालतात. तिथे ट्रॉलरच्या जाळ्यात मेलेली हजारो कासवं किनाऱ्याला लागत असत. १९९७ मध्ये गहिरमाथा सागरी अभयारण्य घोषित झालं. दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांसमोर किनाऱ्यापासून २० किलोमीटरपर्यंत मासेमारीवर बंदी घातली जाते आणि वनखातं, मत्स्यखातं, तटरक्षक दल मिळून गस्त घालतात. बंदीची झळ बसणाऱ्या मच्छीमार कुटुंबांना सरकार निर्वाहासाठी रक्कम देतं. तरीही दर हंगामात मेलेली कासवं लागतातच आणि सात महिन्यांची बंदी छोट्या मच्छीमाराला जड जाते, हेही खरं.

कोकणात तशी सरसकट बंदी उपयोगाची नाही. इथे घरटी एका जागी लाखांनी नसून शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर विखुरलेली आहेत. एवढा किनारा सात महिने बंद करता येणार नाही. म्हणून आपल्याकडे जाळ्यातला बदल आणि बोटीवरची सवय यावरच भर द्यावा लागतो.

टेड म्हणजे काय?

ट्रॉलसाठी जगभर वापरलं जाणारं साधन म्हणजे टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस, थोडक्यात टेड. नाव इंग्रजी आणि मोठं असलं तरी वस्तू साधी आहे. जाळ्याचा मुख्य भाग आणि शेवटची पिशवी यांच्या मध्ये लोखंडी गजांची अंडाकृती जाळी तिरकी बसवलेली असते. शेतात पाटाच्या तोंडाला पालापाचोळा अडवायला काटक्या लावतात, तसंच काहीसं. कोळंबी आणि मासळी गजांमधून निघून मागच्या पिशवीत जाते. कासव गजांवर आपटतं, तिरक्या बाजूने घसरत वर किंवा खाली जातं. तिथे जाळ्याला तोंड कापलेलं असतं आणि त्यावर जाळ्याचीच झडप असते. कासवाच्या वजनाने झडप उघडते, ते बाहेर पडतं आणि पाण्याच्या दाबाने झडप पुन्हा मिटते.

याची कल्पना मुळात मच्छीमारांची. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कोळंबीच्या जाळ्यात मोठमोठे जेलीफिश भरत. त्यांना बाहेर काढायला तिथल्या मच्छीमारांनी गजांची चौकट लावली होती. ती बघून पुढे तिथल्या सरकारी तज्ज्ञांनी १९८० च्या सुमारास कासवांसाठी टेड तयार केलं आणि १९८७ मध्ये ते बंधनकारक करणारा नियम आला. आपल्याकडे कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने भारतीय बोटींना आणि इथल्या मासळीला धरून स्वतःचं टेड बनवलं आहे. ते स्थानिक पातळीवर वेल्डिंगवाल्याकडून तयार करता येईल अशा पद्धतीचं आहे.

मासळी किती निसटते?

कोणत्याही तांडेलाचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तो रास्त आहे. कोचीच्या संस्थेने घेतलेल्या चाचण्यांमध्ये कोळंबीचं नुकसान एक टक्क्याच्या आत आणि बाकीच्या मासळीचं तीन टक्क्यांच्या आसपास निघालं. अमेरिकेत टेडला मान्यता मिळायची तर ९७ टक्के कासवं बाहेर पडलीच पाहिजेत, अशी कसोटी आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळंबी मासेमारीत २००० सालापासून टेड सक्तीचं आहे आणि तिथे कासवं अडकण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासात दिसलं. मोठे जनावर, दगड, ओंडके पिशवीत न गेल्याने कोळंबी चेंगरत नाही आणि तिचा दर्जा सुधारतो, हाही तिथला अनुभव.

पण आपल्या बोटींचा प्रश्न वेगळा आहे. ऑस्ट्रेलियाची बोट मुख्यतः कोळंबी धरते. आपला ट्रॉलर कोळंबीबरोबर जी मिळेल ती सगळी मासळी घेऊन येतो आणि फेरीचा डिझेल, बर्फ, खलाशांचा हिशेब त्या सगळ्यावर बसतो. मोठी वाकटी, मोठा शिंगाळा, पाकट असं मोठं जनावर गजांमधून जात नाही आणि तोंडातून बाहेर पडतं. सरासरी तीन टक्के म्हटलं तरी ज्या फेरीत नेमकी मोठी मासळी लागली असेल, त्या फेरीचा फटका मोठा असू शकतो. टेड सक्तीचं असूनही काही ठिकाणी ते बंदरातून निघताना लावायचं आणि समुद्रात गेल्यावर तोंड शिवून टाकायचं, असे प्रकार जगात सगळीकडे झाले आहेत. त्याचं कारण हेच. म्हणून टेड नुसतं वाटून भागत नाही. आपल्या बंदरातल्या बोटींवर, आपल्या मासळीवर त्याची चाचणी तांडेलांसमोर व्हायला हवी.

टेड लावताना काय बघायचं?

गजांची जाळी साधारण ४५ अंशांत तिरकी बसली पाहिजे. ती जास्त उभी झाली तर कासव गजांवर दबून राहतं आणि बाहेर पडत नाही. जास्त आडवी झाली तर मासळी तोंडातून निसटते. बरेचदा टेड वाईट आहे अशी तक्रार येते आणि मूळ दोष कोनाचा असतो. जाळं ताणलं की कोन बदलतो, म्हणून तो मधूनमधून तपासावा.

दोन गजांमधलं अंतर जास्तीत जास्त चार इंच, हा अमेरिकेचा निकष आहे. लोखंडाच्या वजनाने टेड खाली बसू नये म्हणून त्याला बोया बांधाव्या लागतात. झडप फार सैल असेल तर मासळी जाते, फार घट्ट असेल तर कासव अडकतं. गजांमध्ये प्लास्टिक, दोऱ्या किंवा काटक्या अडकल्या तर पाण्याचा प्रवाहच बदलतो, म्हणून प्रत्येक ओढीनंतर ते साफ करायचं. तळाचा कचरा जास्त असलेल्या भागात बाहेर पडायचं तोंड खालच्या बाजूला ठेवलं तर कचराही तिथून निघून जातो.

अमेरिकेचा आणि आपल्या कोळंबीच्या दराचा संबंध काय?

अमेरिकेने १९८९ मध्ये कायदा करून ठरवलं की ज्या देशात कोळंबी धरताना कासवांना वाचवण्याची व्यवस्था नाही, त्या देशाची समुद्रातून धरलेली कोळंबी घ्यायची नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड या चार देशांनी याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. १९९८ मध्ये निकाल लागला. कासवं वाचवण्याचा हेतू योग्य, पण अंमलबजावणीत देशादेशांत भेदभाव झाला, असं त्यात म्हटलं होतं. अमेरिकेने पद्धत सुधारली आणि कायदा कायम राहिला.

२०१९ पासून भारताच्या समुद्रातल्या कोळंबीला अमेरिकेचं दार बंद आहे. तलावात वाढवलेल्या कोळंबीला हा नियम लागू नाही, त्यामुळे देशाची एकूण निर्यात थांबली नाही. झळ बसली ती समुद्रात जाऊन कोळंबी धरणाऱ्याला. त्याच्या मालाचं एक मोठं गिऱ्हाईक कमी झालं. त्यानंतर सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण आणि कोचीच्या संस्थेने अमेरिकी तज्ज्ञांच्या मदतीने टेडची रचना सुधारली आणि किनारी राज्यांमध्ये प्रात्यक्षिकं सुरू केली. म्हणजे टेडचा प्रश्न आता कासवापुरता राहिलेला नाही. बंदरावर कोळंबीला काय दर मिळणार, याच्याशीही तो जोडला गेला आहे.

गिलनेट आणि गळासाठी काय उपाय?

गिलनेटला टेड लावता येत नाही. तिथे उपाय वेगळे आहेत. जाळं शक्य तितक्या लवकर तपासणं हा पहिला. कासवाच्या हंगामात, घरटी जास्त होणाऱ्या किनाऱ्यासमोर मोठ्या आसाची जाळी रात्रभर न ठेवणं हा दुसरा. जाळ्यावर हिरवे छोटे एलईडी दिवे लावण्याचा प्रयोग मेक्सिको आणि पेरूमध्ये झाला. तिथे हिरव्या जातीची कासवं अडकण्याचं प्रमाण मेक्सिकोत सुमारे ४० टक्के आणि पेरूत ६० टक्क्यांहून जास्त घटलं आणि मासळीत फरक पडला नाही. हे दिवे जाळ्याला लावलेले बारीक दिवे आहेत. आपल्याकडे मासे गोळा करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि बंदी असलेल्या प्रखर एलईडी मासेमारीशी त्यांचा संबंध नाही.

गळाच्या दोरीसाठी सरळ गळाऐवजी टोक आत वळलेला गोल गळ आणि माकुलाऐवजी माशाचं आमिष वापरतात. हवाई बेटांच्या मासेमारीत २००४ मध्ये हा बदल सक्तीचा झाला आणि तिथे लॉगरहेड कासवं अडकण्याचं प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी कमी झालं.

फाटलेलं जाळं समुद्रात न टाकता बंदरावर आणणं, याला तर काहीच खर्च नाही.

जाळं कापून कासव सोडलं तर नुकसानभरपाई मिळते

राज्यात डिसेंबर २०१८ पासून वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ही योजना राबवतात. जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमासा, व्हेल शार्क असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त २५ हजार रुपये मिळतात.

यात महत्त्वाचा आहे तो पुरावा. गव्याने भातशेती तुडवली तर पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही, तसंच इथेही आहे. समुद्रात पंचनामा करायला कोणी येणार नाही, म्हणून मोबाइल हाच पंचनामा. कासव जाळ्यात अडकलेलं, जाळं कापताना आणि कासव पाण्यात सोडताना, असे फोटो किंवा व्हिडिओ काढावेत. बोटीचा नंबर दिसला तर चांगलं. बंदरावर आल्यावर फाटलेल्या जाळ्याचेही फोटो ठेवावेत. बोटीची नोंदणी आणि मासेमारी परवाना चालू असावा. अर्ज कसा करायचा, हे तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्याकडे किंवा मच्छीमार सोसायटीत विचारावं. मोठं जाळं पूर्ण गेलं तर खर्च या रकमेपेक्षा जास्त होऊ शकतो. तरीही अर्ज केल्याशिवाय तेवढेही मिळणार नाहीत आणि समुद्रात किती कासवं अडकतात याची नोंदही होणार नाही.

कासव अडकलं म्हणून गुन्हा दाखल होईल, या भीतीने बरेच जण गप्प बसतात. समुद्री कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला वाघाइतकं संरक्षण आहे. मारणं, मांस किंवा अंडी विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. पण नकळत अडकलेलं कासव सोडणाऱ्याला सरकारच भरपाई देतं, हे लक्षात घ्यावं.

बोटीवर कासव बेशुद्ध असेल तर

बरीच कासवं वर आल्यावर मेल्यासारखी दिसतात, पण मेलेली नसतात. अशा कासवाला लगेच पाण्यात टाकलं तर ते बुडून मरतं. त्यासाठी एवढं करावं:

१. कासवाला पोटावर, म्हणजे सरळ ठेवावं. उलटं करून छाती दाबू नये.

२. मागचा भाग साधारण अर्धा फूट उंच राहील असं खाली टायर किंवा गुंडाळलेलं जाळं ठेवावं. त्यामुळे फुप्फुसातलं पाणी बाहेर येतं.

३. सावलीत ठेवावं आणि अंगावर ओलं फडकं टाकावं. फडकं नाकपुड्यांवर येऊ देऊ नये. पाण्याच्या टाकीत ठेवू नये.

४. मधूनमधून शेपटीला किंवा डोळ्याच्या पापणीला हलकेच हात लावून बघावा. हालचाल झाली तर ते जिवंत आहे. शुद्धीवर यायला कमीत कमी चार तास द्यावेत. काही कासवांना २४ तासही लागतात.

५. चांगली हालचाल करू लागलं की इंजिन न्यूट्रलला घेऊन, जाळं पाण्यात नसताना, बोटीच्या मागच्या बाजूने हळूच सोडावं.

६. पर धरून उचलू किंवा फेकू नये. पाठीची ढाल पुढून-मागून दोघांनी धरून उचलावं.

७. गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नये, दोरी जवळून कापावी. पराला आवळलेला धागा मात्र पूर्ण काढावा.

कासव जखमी असेल किंवा किनाऱ्यावर जखमी सापडलं तर पुन्हा समुद्रात ढकलू नये. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा गावच्या कासवमित्राला कळवावं.

खर्च कोणी करायचा?

शेवटी मुद्दा पैशांवर येतो. कासव वाचवायला ओढ छोटी केली तर जाळं जास्त वेळा ओढावं लागतं आणि डिझेल व मेहनत वाढते. टेड लावलं तर थोडी मासळी जाते. जाळं कापलं तर जाळं जातं. हा सगळा भार एकट्या बोटमालकावर आणि त्यापुढे खलाशाच्या वाट्यावर पडला, तर नियम कागदावर राहतील. टेडसाठी अनुदान, बंदरावर चाचणी आणि भरपाई वेळेत, या तीन गोष्टी झाल्या तर मच्छीमार मागे राहणार नाहीत. व्हेल शार्क आणि डॉल्फिन जाळं कापून सोडल्याची उदाहरणं या किनाऱ्यावर आहेतच.

मच्छीमारांकडून लगेच होण्यासारखं एवढंच आहे: हंगामात ओढीची वेळ कमी ठेवणं, अडकलेल्या कासवाला चार तास सावली देणं, फोटो काढून अर्ज करणं आणि जुनं जाळं बंदरावर आणणं. सोसायटीच्या पुढच्या सभेत टेडच्या प्रात्यक्षिकाची मागणी ठराव करून मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे पाठवता येईल. कासवांचा पुढचा हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, त्याआधी हे झालं तर उपयोगाचं.